ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू द्या, पण हिशेब मागा

मंडळी, सुट्ट्या लागल्या की ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, "लेक म्हणतोय कार्ड ओव्हरक्लॉक करतो, जळेल का हो?" आणि खाली दहा जणांचं एकच उत्तर, "हात लावू देऊ नका." मला हे पटत नाही. मी सीए आहे, इंजिनिअर नव्हे, पण घरात १४ आणि १७ वर्षांचे दोन गेमर आहेत, त्यामुळे विषय वाचावाच लागला.

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्ड थोडं जास्त पळवायचं, एवढंच हे प्रकरण. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (फुकट आहे, पण अधिकृत साइटवरूनच घ्या, नकली फार फिरतात) कोअर क्लॉक २५ मेगाहर्ट्झने सरकवला म्हणून कार्ड जळत नाही. आजची कार्डं फार तापली की आपला वेग आपणच कमी करतात. वेग झेपला नाही तर गेम बंद पडतो, स्क्रीनवर विचित्र ठिपके येतात. रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. फक्त सेटिंग चार दिवस नीट चालल्याशिवाय ती स्टार्टअपला आपोआप लागू करायची नाही.

खरी भीती व्होल्टेज वाढवण्याची आणि कार्डाचं बायोस बदलण्याची. चुकीचं बायोस पडलं तर कार्ड उठतच नाही. आणि सरसकट "नाही" म्हटलं की पोरं नेमकं हेच रात्री दार लावून, यूट्यूब बघून करतात. म्हणून आमच्याकडे या दोन गोष्टींना बंदी, बाकीची परवानगी.

परवानगीची किंमत म्हणजे एक वही. तारीख, खोलीचं तापमान, कोअर, मेमरी, कार्डाचं कमाल तापमान, एफपीएस. एका वेळी एकच आकडा बदलायचा. दोन बदलले आणि गेम पडला, तर फरक कुठल्या खात्यात टाकणार? मेमरीचं तर अजून गमतीदार आहे. जीडीडीआर६एक्स मेमरीत चूक झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो. गेम पडत नाही, पण वेग उलटा घटतो. "आई, क्रॅश नाही झालं!" हा पुरावा मी धरत नाही.

खोलीच्या तापमानाचा रकाना आपल्या गल्फवाल्यांसाठी महत्त्वाचा. एसी २३ वर असताना पास झालेली सेटिंग जुलैत एसी बंद ठेवून चालवली, तर खोली जेवढी तापेल साधारण तेवढंच कार्डही वर जाणार. शिवाय धुळीचं वादळ होऊन गेलं की खिडक्या बंद असल्या तरी पंख्यांवर थर बसतो. आधी सफाई, मग प्रयोग.

आता नफातोटा. थोरल्याने आठवडाभर खटपट करून ६० एफपीएसचे ६४ केले. वीज जास्त, पंख्याचा आवाज जास्त. धाकट्याने ती वही बघून उलटं केलं, म्हणजे अंडरव्होल्ट, तोच वेग कमी व्होल्टेजवर. एफपीएस तेवढेच आणि कार्ड ८ अंशांनी थंड. मला विचाराल तर घरातला शहाणा व्यवहार हाच. थोरल्याला अजून मान्य नाही.

सुरू करण्याआधी वॉरंटीचा कागद मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. ओव्हरक्लॉकिंगबद्दल त्यात काय लिहिलंय ते कंपनीगणिक बदलतं. कार्ड मामाने भारतातून आणलं असेल, तर ती वॉरंटी इथे चालते का, हेही त्याच कागदावर सापडेल.