निनावी वादळे

शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव समुद्रापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख पर्जन्यछायेतला. आभाळाकडे डोळे लावून बसण्याची सवय येथील पिढ्यानुपिढ्यांना लागलेली. घोड नदीवर चिंचणीला धरण झाले, कालव्याचे पाणी काही शिवारांपर्यंत पोचले, ज्वारी-बाजरीच्या शेजारी ऊस आणि कांदा उभा राहिला. तरी अवर्षणाची धास्ती पुरती गेली असे म्हणवत नाही. अशा भागातील शेतकऱ्यापुढे वादळाच्या हंगामाची गोष्ट काढली, तर तो समुद्राचे नाव घेणार नाही. चैत्र-वैशाखात दुपार कलताना क्षितिजावर चढू लागलेल्या काळ्या ढगाकडे तो बोट दाखवील.

आपण शहरवासी वादळे ओळखतो ती त्यांच्या नावांनी. २००९ च्या नोव्हेंबरातले ‘फयान’, २०२० चे ‘निसर्ग’, २०२१ च्या मे महिन्यातले ‘तौक्ते’. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना नावे देण्याचा प्रघात २००४ पासून सुरू झाला. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, त्याआधीच त्याचा मार्ग नकाशावर रेखाटला गेला होता, किनाऱ्यावरील वस्त्या हलविल्या जात होत्या, बचाव दलाच्या तुकड्या ठिकठिकाणी उभ्या होत्या. नुकसान झाले ते मोठे झाले. रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि घाट ओलांडून आलेल्या वाऱ्याने पुणे जिल्ह्यातील मावळ-जुन्नरकडची हरितगृहेही फाडली. परंतु प्राणहानी थोडी झाली, आणि ती थोडी झाली याचे श्रेय इशाऱ्याला आणि तो मानणाऱ्या शासनयंत्रणेला दिलेच पाहिजे. ओरिसात १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे नेली होती. त्याच किनाऱ्यावर २०१९ मध्ये ‘फनी’ आले तेव्हा बारा लाखांच्या घरात लोक आधीच सुरक्षित स्थळी नेलेले होते आणि मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. स्वतंत्र भारताने ज्या थोड्या गोष्टी निर्विवादपणे सुधारल्या, त्यांत ही एक गणावी लागेल.

प्रश्न उरतो तो नाव नसलेल्या वादळांचा. २०२५ च्या मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो चक्रीवादळाच्या पायरीपर्यंत चढलाच नाही, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. २४ मे रोजी त्याने रत्नागिरीजवळ किनारा ओलांडला, आणि दुसऱ्या दिवशी बारामती, इंदापूर आणि दौंड या एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत पाण्याने हाहाकार केला. नीरा डावा कालवा फुटला. घरांत, गोठ्यांत, दुकानांत पाणी शिरले. किनाऱ्यावर ज्याची फारशी दखल घेतली गेली नाही, त्याने दुष्काळी पट्ट्यात ही दाणादाण उडविली. अरबी समुद्र तापतो आहे, हे पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात या समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. वाढती वाफ केवळ नामांकित वादळांच्याच वाट्याला जाईल, असे मानण्यास काही आधार नाही.

आणि वळीव, गारपीट, वीज यांना तर कधीच नाव नसते. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्याने वर चढते, वरच्या थंड थरांत गोठते, आणि अर्ध्या-पाऊण तासात एखाद्या गावाची पाच महिन्यांची मेहनत झोडपून मोकळी होते. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि दिवसेंदिवस चालत येते. गारांचा ढग काही किलोमीटरांचा, जन्म आणि मरण एकाच दुपारी. गारा सरसकट पडत नाहीत, त्यांचा पट्टा असतो. ओढ्याच्या अलीकडचा मळा उद्ध्वस्त आणि पलीकडचा जसाच्या तसा, हे दृश्य आपल्या खेड्यांना नवे नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातील बहुतेक जिल्ह्यांना गारांनी झोडपले, तेव्हा गहू, हरभरा, कांदा, द्राक्ष यांच्याबरोबर जनावरे आणि पाखरेही मेली. त्या आपत्तीची आठवण आज विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आहे. राजधानीच्या दप्तरात तिचे नाव काय म्हणून शोधावे?

काळही नेमका वाईट. रब्बीचा कांदा काढून, पात कापून शेतात पोळी घालून ठेवायचा, तो सुकला की चाळीत भरायचा, हे काम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत चालते. हाच वळवाचाही हंगाम. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. तो सडतो आणि शेजारच्यालाही सडवितो. शेतकरी तो मिळेल त्या भावाने काढून टाकतो. पुढे भाद्रपद-आश्विनात मंडईत कांदा महागला की आपण शहरातील मंडळी व्यापाऱ्याला आणि सरकारला शिव्या देतो. वैशाखातील त्या एका दुपारची आठवण कोणाला होत नाही.

येथे आम्हांस शासनाच्या एका निर्णयाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६ पासून स्थानिक आपत्तीची तरतूद होती. गारपिटीसारख्या संकटाने एखाद्याचेच शेत गेले, तर त्याने ७२ तासांत कळवावे, त्याच्या शेताचा पंचनामा व्हावा आणि त्याला भरपाई मिळावी. काढणीनंतर शेतात सुकत पडलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत संरक्षण होते. २०२३ मध्ये राज्याने एका रुपयात विमा देऊ केला आणि अर्जांचा पूर आला. त्यांत खोटे अर्ज किती निघाले, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहे. २०२५ मध्ये राज्याने ती योजना गुंडाळली, आणि तिच्याबरोबर स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान ही कलमेही बाजूला केली. भरपाई ठरवायची ती पीककापणी प्रयोगांत निघालेल्या सरासरी उत्पन्नावरून.

लबाडीला आळा घालणे योग्यच होते. एका रुपयाच्या विम्याचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्याला किंमत नाही त्याची कदर राहत नाही, हे शेतकरीही जाणतो. पण चोराच्या भीतीने घराचा दरवाजाच विटांनी बंद करावा, असे हे झाले. सरासरी निघते ती महसूल मंडळाची. मंडळातील दोन गावांवर गारा कोसळल्या आणि बाकीच्यांचे पीक बरे आले, तर सरासरी बरीच दिसणार आणि त्या दोन गावांच्या पदरी शून्य पडणार. अवर्षण सर्वांना सारखे मारते, म्हणून सरासरी त्याचे माप होऊ शकते. गार निवडून मारते. तिला सरासरीच्या मापाने मोजणे हा न्याय नव्हे. फळबागांच्या हवामानाधारित विम्यात जादा हप्ता भरून गारपिटीचे संरक्षण घेता येते. मग तीच सोय कांद्याला आणि ज्वारीला रास्त हप्त्यात का नसावी? राहिला आपत्ती निवारण निधी. त्यासाठी ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान, तलाठ्याचा पंचनामा, वरिष्ठांचा अहवाल आणि मंत्रालयाचा आदेश अशी साखळी पुरी व्हावी लागते. ती पुरी होईतो पुढची पेरणी येऊन ठेपते.

विजेचे तर पिकापलीकडचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात निसर्गाच्या प्रकोपाने जे मृत्यू झाले, त्यांपैकी २,८८० म्हणजे चाळीस टक्के विजेने झाले. हे मृत्यू एकेकटे होतात. उघड्या माळावरचा मेंढपाळ, बांधावरच्या बाभळीखाली आडोसा घेतलेली मजूर स्त्री, गुरे वळवायला गेलेला मुलगा. एकाच दिवशी शंभर माणसे गेली असती तर मंत्री धावले असते.

इशारा देण्याचे साधन नाही, असेही नाही. पाषाणच्या त्याच संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन तयार केले आहे. हवामान खाते पुढील तीन तासांचे अंदाज देते. महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून ज्या पुण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे राहिले, ते पुणे निमोण्यापासून शंभर किलोमीटरांच्या आत आहे. एवढ्या अंतरात ज्ञान अडते कोठे? ते अडते शेवटच्या कोसावर. तीन तासांच्या अंदाजातील पहिला तास जिल्ह्याच्या कचेरीत जातो, दुसरा संदेश पुढे ढकलण्यात, आणि तिसऱ्या तासाला फोन घरी खुंटीवर आणि माणूस माळावर. २०२३ मध्ये आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचणीच्या वेळी आपले सर्वांचे फोन एकाएकी किंचाळले होते, ते वाचकांना आठवत असेल. तो आवाज वळवाच्या दिवशी फक्त त्या पाच-दहा गावांत उठविता आला पाहिजे. आणि ज्याच्याजवळ फोन नाही त्याच्यासाठी ग्रामपंचायतीच्या छपरावर तालुक्याहून वाजविता येईल असा भोंगा हवा. गिरण्यांच्या भोंग्यावर एके काळी मुंबईचे गिरणगाव उठत असे. एका भोंग्याचा खर्च शासनाला जड जावा असे आम्हांस वाटत नाही.

शिरूर-दौंडच्या लोकप्रतिनिधींनी या दोन गोष्टी विधिमंडळात लावून धराव्यात: विम्यातील स्थानिक आपत्तीचे कलम शेतनिहाय पडताळणीसह परत यावे, आणि तीन तासांचा इशारा गावच्या भोंग्यापर्यंत पोचावा. पडताळणीसाठी आज उपग्रहाची छायाचित्रे आहेत, शेतात उभे राहून घेतलेली, स्थळकाळ नोंदणारी छायाचित्रे आहेत. लबाडी पकडणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. विम्याच्या अधिसूचना हंगामापूर्वी निघतात आणि रब्बीचा कांदा फाल्गुनात जमिनीबाहेर येऊ लागतो. निर्णय व्हायचा तर तो त्याआधी, थंडीच्या अधिवेशनातच व्हावयास हवा.