परवाना यंत्राचा की माणसाचा?

पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या हक्काचे काय काय जाते, हा प्रश्न आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना नवा नाही. सुरतेच्या पूर्वेकडील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत तो घरोघरी विचारला गेला आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे तेथे यंत्रमागावर आणि साडीच्या बाजारात कष्ट करून संसार चालवितात. त्यांच्या शिधापत्रिकेवरचे धान्य पूर्वी गावीच अडकून पडे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सोय झाली आणि गावच्या पत्रिकेवर सुरतेत धान्य मिळू लागले. मोबाइलचा क्रमांक जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी तोच राहतो. एमएच १८ ची मोटारसायकल ना-हरकत दाखला घेऊन जीजे ०५ होते. हेलपाटे पडतात, पण होते.

आता याच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा संगणक घ्या. यंत्राबरोबर विंडोजची किंमतही त्याच्या वडिलांनी मोजलेली असते. यंत्र म्हातारे झाले, नवे घेतले. तर ती विंडोज आणि तिचा परवाना नव्या यंत्रावर नेता येईल काय? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि हे उत्तर मला अन्यायाचे वाटते.

हा प्रश्न आताच का निघाला, तेही सांगतो. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे चालता-बोलता संगणक केवळ वयामुळे बाद! साहजिकच लोक नवे यंत्र घेऊ लागले.

परवान्याची मेख अशी आहे. दुकानातून स्वतंत्रपणे घेतलेली विंडोज, जिला ‘रिटेल’ म्हणतात, ती जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. अट एवढीच की एका वेळी ती एकाच यंत्रावर असावी. पण तयार संगणकात आधीच घातलेली विंडोज ‘ओईएम’ जातीची असते. ती त्या यंत्राशी जन्माची बांधलेली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक तयार संगणकांत तिची किल्ली मदरबोर्डवरच्याच चिपमध्ये कोरलेली असते. बिघडलेला मदरबोर्ड निर्मात्याने बदलून दिला तर परवाना टिकतो. वेग हवा म्हणून तुम्ही दुसरा बसविलात की नवा परवाना घ्या. ऑगस्ट २०१६ पासून परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो, त्यामुळे आपण सुटलो असे पुष्कळांना वाटते. पण खात्याशी जोडल्याने ओईएमची जात बदलत नाही.

यावर कंपनीच्या बाजूने सांगतात की ओईएम परवाना स्वस्त असतो, आणि स्वस्ताईची किंमत म्हणजे हे बंधन. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण सौदा दोघांना ठाऊक असावा लागतो. गोडादऱ्यातला असो वा बेळगावातला, किती ग्राहकांना पावती करताना कोणी हे सांगितले आहे? दुकानदार विचारतो ते एवढेच, की बॅग हवी का!

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणावे, तर सुरतेच्या कापडबाजारातल्या कोणत्याही मुनीमजीला विचारा. ‘टॅली’ हा हिशेबाचा प्रोग्रॅम बंगळूरच्या कंपनीचा. संगणक बदलायचा झाला की त्याचा परवाना जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करायचा आणि नव्यावर चालू करायचा. परवाना व्यापाऱ्याचा राहतो, यंत्राचा नव्हे. मग संगणकाची जी मूळ कार्यप्रणाली, तिलाच ही उदारता का सुचू नये?

कायद्यातही एक गंमत आहे. तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरविले. २०२१ साली त्याच न्यायालयाने म्हटले की अशा सॉफ्टवेअरसाठी परदेशी कंपनीला दिलेले पैसे ही कॉपीराइटची रॉयल्टी नव्हे. म्हणजे कर घेताना तो माल. पण ग्राहक आपल्या यंत्रावर हलवू म्हणाला की ती नुसती ‘परवानगी’! युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलविरुद्धच्या प्रकरणात निराळे म्हटले: कायमची विकलेली प्रत ग्राहक पुढे विकूही शकतो, मात्र आपल्याकडची प्रत त्याने निकामी केली पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर धारकाला राखीव प्रत ठेवण्याची मुभा आहे. यंत्र बदलण्याच्या हक्काचा मात्र स्पष्ट उच्चार नाही. तो व्हावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आलीच आहे. ग्राहक संघटनांनी ती या दिशेने वापरून पाहण्यासारखी आहे.

लिनक्स वापरा, असे काही मित्र सांगतील. त्यांचे खरे आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तो मार्ग धरला. तेथे परवाना हलविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, दहा यंत्रांवर घाला. परंतु टॅलीचा क्लास करून कापडबाजारात नोकरी शोधणाऱ्या मुलाला विंडोज सोडून चालत नाही. त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात: पुन्हा पैसे मोजणे, नाहीतर चोरीची प्रत घालून घेणे. दुसऱ्या वाटेचे समर्थन मी करणार नाही. पण एकदा प्रामाणिकपणे पैसे भरलेल्याला पुन्हा भरायला लावणारा नियम त्या वाटेवर माणसे ढकलतो, हे त्या नियमाच्या कर्त्यांनी ऐकून घ्यावे.

कायदा बदलेपर्यंत निदान पावतीवर ‘ओईएम’ की ‘रिटेल’ हे लिहून मागा, आणि सुटे भाग जोडून संगणक करून घेणार असाल तर रिटेलचा जास्तीचा खर्च पाच-सात वर्षांवर वाटून पाहा. रिटेल परवाना ज्याच्याकडे आहे त्याने जुने यंत्र भंगारात देण्याआधी किल्ली लिहून घ्यावी आणि त्या यंत्रावरून ती काढून टाकावी. ओईएमवाल्याने यंत्र विकताना परवान्यासकट विकावे. तो त्या यंत्राबरोबर नव्या मालकाकडे कायदेशीरपणे जातो, आणि त्याची किंमत मागण्यात काहीच गैर नाही.