रावेरीची सीता

१९४३ साली विजय भट्ट यांचा 'रामराज्य' हा चित्रपट आला. राजा-राणीचं प्रेम, लोकापवाद, त्याग, ताटातूट. आणि शोभना समर्थ यांची सीता.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या रावेरी गावात सीतेची वेगळीच गोष्ट सांगतात. इथल्या मंदिरात ती एकटी आहे, शेजारी राम नाही. रामानं टाकलेली गरोदर सीता इथे राहिली, लव-कुश इथेच जन्मले, अशी गावाची श्रद्धा. बाळंतिणीनं पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, तेव्हा तिनं शाप दिला की या शिवारात गहू पिकणार नाही. राजाची राणी दारोदार जाते, आणि नकार मिळाल्यावर रडत बसत नाही, बोलते. आम्हांला ही सीता फार मोलाची वाटते.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. टाकलेल्या बाईच्या नावे ना घर, ना शेत. म्हणून तर तिला पदर पसरावा लागतो. हेच बदलण्यासाठीच्या जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे केली.

'रामराज्य', 'बाजीराव मस्तानी'सारखे भरजरी चित्रपट येत राहतील. रावेरीच्या सीतेवरही कुणीतरी चित्रपट करावा, वऱ्हाडी बोलीत, कापसाच्या शिवारात. तोवर, ज्या भगिनींच्या नावे सातबारा झाला त्यांनी पुढं घरात काय बदललं ते आम्हांला लिहून पाठवावं. त्यासाठी पुढच्या अंकाची पानं राखून ठेवली आहेत.