वेबसाईटचा फर्मा निवडताना जुन्या गिऱ्हाईकाला विसरू नका

कापड घेताना आम्ही पन्हा मोजतो, रंग पक्का आहे की नाही ते पाहतो, मगच सौदा करतो. दुकानाची वेबसाईट करवून घेताना मात्र आम्ही काहीच विचारले नाही. नव्या मोबाईलवर पान झकास दिसले, पैसे देऊन मोकळे झालो. पुढे खामगाव तालुक्यातील एका जुन्या गिऱ्हाईकाने ते आपल्या विंडोज ७ च्या संगणकावर उघडले, तर भावाचे आकडे एकावर एक चढलेले. त्याचा फोन आला, "शेठ, धंदा बंद केला काय?" यात बनविणाऱ्यापेक्षा आमचीच चूक जास्त.

हल्ली वेबसाईट पहिल्या टाक्यापासून कोणी शिवत नाही. तयार फर्मा घेतात, त्यालाच फ्रेमवर्क म्हणतात. कोणते चांगले, असे सगळे विचारतात. ते कोणत्या ब्राउझरपर्यंत चालते, हे विचारले पाहिजे.

बूटस्ट्रॅप हे ट्विटरमधील दोन कारागिरांचे काम, २०११ साली खुले झाले. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत (२०१३) इंटरनेट एक्सप्लोरर ८ चालत असे. चौथीने (२०१८) ९ पर्यंतचे सोडले आणि पाचवीने (२०२१) एक्सप्लोररच वगळला. झर्ब कंपनीच्या फाउंडेशनने तर २०१३ मध्येच ८ ला रजा दिली होती. त्याबद्दल तक्रार नाही; खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर निवृत्त केला. बूटस्ट्रॅपची पाचवी आवृत्ती क्रोम ६० पासून पुढे चालते. शिवाय उजवीकडून डावीकडे मांडणीची सोय तिच्यात आली. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना उर्दूत दरपत्रक टाकायचे तर ही मोठी गोष्ट आहे.

आता टेलविंड पाहा. जानेवारी २०२५ ची चौथी आवृत्ती क्रोम १११, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स १२८ मागते. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. आयफोन ७ ही आयओएस १५ वर थांबला. या आवृत्तीतील तयार रंग नव्या पद्धतीने लिहिलेले आहेत. क्रोम १०९ ला ती पद्धत कळत नाही. कापडाच्या धंद्यात रंगच उडाला तर राहिले काय? जुनी यंत्रे सांभाळायची असतील तर ३.४ वरच राहा, असे तिचे कर्तेच सांगतात. म्हणजे लपवाछपवी नाही. आपणच विचारत नाही.

कोणी म्हणेल, जुन्यासाठी नव्याने का अडून राहावे? बरोबर आहे. जुना ब्राउझर सुरक्षितही नसतो आणि त्याला सांभाळायला मजुरी जास्त लागते. म्हणून सारी सजावट जुन्यावर दिसावी असा हट्ट नको. पण मालाचे नाव, भाव आणि फोन नंबर प्रत्येकाला वाचता आलाच पाहिजे. जीएसटीच्या सरकारी पोर्टलनेही कोणत्या ब्राउझरची कोणती आवृत्ती लागते ते पानाच्या तळाशी छापले. दुकानदाराने तेवढे तरी करावे.

तेव्हा सौदा ठरवताना फ्रेमवर्कचे नाव, आवृत्ती आणि सर्वांत जुना चालणारा ब्राउझर कागदावर लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी गल्लीतला सर्वांत जुना मोबाईल व संगणक मागून आणा आणि पान स्वतः उघडून पाहा. उधारी वेळेवर फेडणारे गिऱ्हाईक बहुधा त्याच जुन्या यंत्रावर बसलेले असते.