बुजगावण्याला बटण

अडगळीतला टेपरेकॉर्डर आणि मुलांची मोडकी रिमोटची मोटार एकत्र बांधून माकडं पळवणाऱ्या माणसाला लोक हसतात. खुशाल हसावं. कर्नाळ्याचं जंगल जवळ असलेल्या आमच्या पनवेलला माकडं काही नवी नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की हसणाऱ्यांनी आधी आपापल्या खिडकीतली ती पांढरी डबी काढून ठेवावी.

ती डबी म्हणे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढते. २०,००० हर्ट्झच्या वरचं आपल्याला ऐकू येत नाही, हे खरं. त्यामुळे डबी चालू आहे की दुकानदार चालू आहे, हे कळायला मार्गच नाही! अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली असल्या यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. आमच्याकडे हमीपत्रावर शिक्का मिळाला की पुरे. माकडाला कुठे वाचता येतो तो?

घरगुती यंत्रात लपवाछपवी नाही. मोटारीतल्या रिसीव्हरने चाकांऐवजी रिले ओढायचा, रिलेने टेपची वीज जोडायची आणि कॅसेटवर शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं. टीव्हीचा रिमोट इथे कुचकामी. त्याचा अवरक्त प्रकाश फणसाच्या पानाआड अडतो. मोटारीच्या रेडिओलहरी पानांना जुमानत नाहीत.

पण खरी करामत भुंकण्यात नाही, बटणात आहे. अखंड भुंकणाऱ्या कर्ण्यावर माकड चार दिवसांत मांडी घालून शेंगा सोलेल. माळ्यावरचा गोफणवाला राखणदार उपयोगी पडतो आणि बुजगावणं पडत नाही, ते का? राखणदार बघतो म्हणून. बटण म्हणजे तोच राखणदार, फक्त आरामखुर्चीत बसलेला.

हसणाऱ्यांपैकी एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "त्यापेक्षा गच्चीच्या तारेत करंट सोडा की राव!" इथे मात्र माझा विनोद संपतो. कुंपणासाठी बनवलेलं यंत्र सेकंदाला एखादाच क्षणभराचा झटका देतं, हात सुटतो. घरातली २३० व्होल्टची वीज हात सोडत नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारेने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच ना? आमच्या गच्चीवर आई पापड वाळत घालते. माकडांनी पापड नेले तर नेले.

सद्‌गृहस्थांच्या हाती मी बटण दिलं. त्यांनी दाबलं. शेजारचा खरा कुत्रा तेव्हापासून आमच्या गच्चीखाली उत्तरं देत बसतो, तीही बिनपगारी.