स्वस्त राज्य म्हणजे सुखाचं राज्य नव्हे

आमचं जळकोट सोलापूर-हैदराबाद हायवेवर. पश्चिमेला नळदुर्ग, पूर्वेला उमरगा, आणि उमरगा मागे टाकलं की थोड्याच वेळात कर्नाटक. आळंद, बसवकल्याण ही आमच्या भागाची सोयरिकीची गावं. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत हल्ली एकच विषय असतो. तिकडं बायांना एसटी फुकट, वीज फुकट, महिन्याला २००० रुपये. आणि इकडं? इकडं काय, अर्धं तिकीट आणि १५०० रुपये! मग कुणीतरी म्हणतंच, "आपण तिकडं असतो तर बरं झालं असतं."

मला या हिशोबाचा राग येतो. हिशोब खोटा आहे म्हणून नाही, अर्धवट आहे म्हणून.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास, तेलंगणात त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. रोज तालुक्याला कामाला जाणाऱ्या बाईला हा फरक खरोखर जाणवतो, त्याला भीक म्हणून हिणवू नये. पण कर्नाटकातली २०० युनिटपर्यंतची वीजही सरसकट नाही, आपल्याच मागच्या सरासरी वापरावर १० टक्के, एवढीच मोकळीक. आणि त्याच सरकारने जून २०२४ मध्ये विक्रीकर वाढवून पेट्रोल लिटरमागे ३ रुपयांनी महाग केलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने थोडं काढून घेतलं. सरकारं अशीच असतात, मंडळी, इकडची आणि तिकडचीही.

आता दुसरी बाजू. मुंबईत बसून सांगणारे म्हणतात, महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे, तक्रार कसली करता? श्रीमंती आहे, पण ती मुंबई-ठाणे-पुण्याची. सरासरी काढली की आमच्याही ताटात ती दिसते, खायला मात्र मिळत नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास, म्हणजे त्यांच्या गोड भाषेत 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली. त्यात आमचा उस्मानाबाद होता, आजचा धाराशिव. आणि कर्नाटकातून कोण होतं? रायचूर आणि यादगीर. म्हणजे १९५६ साली निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले, तरी मागासपण सीमा ओळखत नाही! मग राज्य बदलून काय बदलणार होतं?

माझ्या मते राहणीमान मोजायचे प्रश्न तीनच. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर डॉक्टर किती लांब? मे महिन्यात पाणी नळाला येतं की टँकरने? आणि दहावी झालेलं पोरगं पुण्याला गेलं, तर परत येण्याजोगं इथे काही आहे का? आमच्याकडे मोठं दुखणं आलं की सोलापूर गाठायचं, पन्नासेक किलोमीटर. तिकीट अर्धं असो की फुकट, त्या रात्री गाडी खाजगीच करावी लागते. ते भाडं कुठल्याच योजनेच्या जाहिरातीत नसतं.

जत तालुक्यातल्या गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचा ठराव केला, तो पाण्यासाठी. २०२२ च्या शेवटी तो वाद पुन्हा पेटला, तेव्हा आपल्या पुढाऱ्यांना अस्मिता आठवली. पाणी आधी आठवलं असतं तर? तहानलेल्या माणसाला निष्ठा शिकवू नये.

पण कर्नाटकाकडून घ्यायचंच असेल तर फुकट बस घेऊ नका, ३७१-जे घ्या. हैदराबाद-कर्नाटक भागाने झगडून ९८ वी घटनादुरुस्ती करून घेतली. त्यातून वेगळं विकास मंडळ, आणि स्थानिकांना शिक्षणात व सरकारी नोकरीत राखीव जागा. आपल्याला मराठवाड्यासाठी वैधानिक मंडळाची तरतूद तर १९५६ पासूनच घटनेत होती, कलम ३७१(२). मंडळ आलं १९९४ मध्ये. ३८ वर्षांनी! ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ते पुन्हा नेमायचा निर्णय घेतला. पण मंडळाची मुदत संपली म्हणून आमच्या गावात एकाही पंगतीत कुणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही. पंगतीत चर्चा १५०० आणि २००० मधल्या ५०० रुपयांची.

हे ५०० रुपये कमी नाहीत, घर चालवणाऱ्या बाईला विचारा. पण ते ५०० मागताना आपण दवाखाना, पाणी आणि पोरांची नोकरी मागायची विसरतो, आणि सगळ्या पक्षांना नेमकं तेच हवं असतं. महिन्याचे पैसे वाटणं सोपं. जिल्हा उभा करायला वीस वर्षं लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते.

सीमा कुठे आहे याने फार काही अडत नाही हो. सीमेच्या अलीकडे आपण काय मागतो, त्याने अडतं.


असो. पुढच्या लग्नात मला कुणी जेवायला शेजारी बसवेल असं वाटत नाही.