लेट प्रोजेक्ट आणि पाहुण्यांचे कोट

आमच्या धंद्यात फ्रेड ब्रुक्स यांचं नाव माहीत नसलं, तरी त्यांचा नियम प्रत्येकाने ऐकलेला असतो. लेट झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो अजून लेट होतो. मॅनेजर लोक शुक्रवारी ट्रेनिंगमध्ये ही स्लाइड दाखवतात आणि सोमवारी सहा माणसं वाढवतात. (गेल्या वर्षी त्या सहातला एक मी होतो. ते नंतर सांगतो.)

ब्रुक्स १७ नोव्हेंबर २०२२ ला गेले, वयाच्या ९१व्या वर्षी. तेव्हा त्यांच्यावरचे जे काही लेख मी वाचले त्यांत साधारण तेच होतं. आयबीएमचं सिस्टम/३६०, १९७५ चं 'द मिथिकल मॅन-मन्थ', १९९९ चं ट्युरिंग अवॉर्ड, आणि ६ ऐवजी ८ बिटांचा बाइट, ज्यामुळे इंग्रजी स्मॉल अक्षरांना जागा मिळाली. (आता टाइप करतोय ते प्रत्येक मराठी अक्षरचिन्हही यूटीएफ-८ मध्ये अशा तीन बाइट्सवर बसतं. आपणही त्यांचं देणं लागतो.) आणि अगदी शेवटी, बायोडेटात 'छंद' लिहितात तशी एक ओळ: कुटुंबवत्सल, चर्चच्या कामात सक्रिय.

मला ती शेवटची ओळ खटकली. म्हणजे, ती शेवटी आहे हे खटकलं.

कारण हिशोब करून बघा. १९५६ साली नॅन्सीशी लग्न झालं ते २०२२ पर्यंत, म्हणजे ६६ वर्षांचा संसार, तीन मुलं. १९६४ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात चॅपल हिलला कॉम्प्युटर सायन्सचा विभाग सुरू केला आणि २० वर्षं त्याचे प्रमुख राहिले. याच काळात, १९७३ साली, बिली ग्रॅहम यांच्या तिथल्या धर्मसभांच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. शिवाय नवराबायको मिळून इंटरव्हर्सिटी ख्रिश्चन फेलोशिपच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सल्लागार. समित्या, सभा, घर सोडून लांब शिकायला आलेली पोरं... हे सगळं बिनपगारी. मी काही फार श्रद्धाळू नाही, गणपतीत आरतीला उभा राहतो तेवढाच. पण गणपतीच्या मंडपात खुर्च्या लावणारे काका मला माहीत आहेत. ही जात मी ओळखतो.

त्यांच्या २०१० च्या 'द डिझाइन ऑफ डिझाइन' या पुस्तकात त्यांनी सिस्टम/३६० च्या शेजारी चक्क स्वतःच्या घराचं वाढीव बांधकाम केस स्टडी म्हणून घातलंय. डिझाइन बरंच पुढे गेलं आणि मग एक प्रश्न निघाला: पाहुणे आले की त्यांचे कोट ठेवायचे कुठे? आपल्याला वाटेल, एक खुंटी ठोका. पण या एका प्रश्नापायी मुख्य बेडरूम घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली! मी हे वाचून आधी हसलो. मग वाटलं, ज्याच्या घरी माणसांचा राबता असतो त्यालाच हा प्रश्न पडतो. आमच्या टू बीएचकेचा प्लॅन बघताना आम्ही पार्किंग आणि वायफायचं बघितलं होतं.

म्हणून मला वाटतं, तो नियमही अशाच माणसाला सुचू शकतो. माणूस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला. नवा माणूस आला की जुन्याने काम थांबवून त्याला शिकवायचं, प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं वाढायचं, आणि काही कामं तर वाटताच येत नाहीत. बाळंतपणाचं उदाहरण तुम्हाला पाठ असेलच.

तर, गेल्या वर्षीचं. बाबांचा निवृत्तीचा समारंभ होता, सांगलीला. ३६ वर्षांची नोकरी. त्याच शनिवार-रविवारी मला लेट प्रोजेक्टवर बसवलं. दोन दिवस मी बहुतेक वेळ कोड कसा चालतो हेच विचारत होतो आणि ज्यांना विचारत होतो त्यांचं काम अडत होतं. रिलीज पुढे गेलीच. फोनवर बाबा म्हणाले, "अरे काम आहे तर काम कर, इथे काय, हार-तुरे." मी मनात म्हटलं, दिवाळीत चार दिवस जास्त राहू, भरपाई होईल. राहिलो. चारही दिवस बाबा पेपर वाचत होते आणि मी समारंभाचे फोटो बघत होतो. भाषणात काय बोललात, असं विचारलं तर म्हणाले, "आता आठवत नाही रे."

कोणी म्हणेल, प्रोफेसराला जमतं, आपल्याला कुठून जमणार? खरं आहे थोडंफार. आयबीएममध्ये मोठ्या मशीनच्या धबडग्यात ब्रुक्सही घड्याळ बघून घरी जात असतील असं मला वाटत नाही. पण तिथून ते निघाले. मी अजून "ही रिलीज होऊ दे" म्हणतोय.

असो. बाबा आज सांगलीहून येतायत, साडेपाचची एसटी. स्वारगेटला जायचंय, आणि रविवारचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.